आईची हाडं, मामांचे मुतखडे आणि ताईचा लाळेचा रिपोर्ट

नमस्कार डॉक्टर,
माझी आई ६१ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात मोरीपाशी घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी थकवा आणि अंगदुखी जाईना म्हणून रक्त तपासलं. कॅल्शियम ११.४ आलं (लॅबची वरची मर्यादा १०.२), पीटीएच १४८ (मर्यादा ६५), व्हिटॅमिन डी १४. डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे जितका जास्त तितकं हाड विरळ) उणे १.६, खुब्याचा उणे २.३. मानेत पॅराथायरॉइडची गाठ असणार, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टर म्हणतात. आई म्हणते, आमच्या माहेरी सगळ्यांचीच हाडं अशी, रक्तातच आहे, कापाकापी कशाला. शेजारच्या काकूंनी दूध-दही बंद करायला सांगितलंय. पुण्याच्या ताईने लाळेवरून होणारी जनुकीय तपासणी घरी मागवून स्वतःची केली. त्यात 'व्हीडीआर जनुक : बीबी, हाडं ठिसूळ होण्याचा धोका जास्त' असं आलं आणि सोबत एका पावडरीची शिफारस. आता आईची आणि माझीही करू म्हणते. करावी का? मी ३४ वर्षांची, मुलगी आठ वर्षांची. जाता जाता : मामाला तिशीच्या आत दोनदा मुतखडे झाले होते आणि अल्सरचा त्रास तर कायमचाच. याच्याशी त्याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, नाशिक

प्रिय वाचक,

तुम्ही जाता जाता टाकलेलं मामांचं वाक्य हेच या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. त्याकडे येतेच. आधी आईंचं बघू, कारण ते लांबवण्यासारखं नाही.

पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडच्या पाठीमागे चिकटलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी, बहुतेकांना चार. नावात थायरॉइड असलं तरी दोघींचा संबंध शेजारापुरता. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की पीटीएच हे संप्रेरक सोडायचं आणि ते वर गेलं की हात आखडता घ्यायचा, एवढंच यांचं काम. पीटीएच हाडांतून कॅल्शियम सोडवून घेतं, मूत्रपिंडाला ते लघवीतून जाऊ द्यायचं नाही असं बजावतं, आणि व्हिटॅमिन डीला कामाच्या रूपात आणून आतड्याला जास्त कॅल्शियम शोषायला लावतं. आता आईंचे आकडे बघा. कॅल्शियम ११.४ असताना पीटीएच अगदी तळाला जायला हवं होतं. ते १४८ आहे. म्हणजे एखादी ग्रंथी ऐकेनाशी झाली आहे. शंभरातल्या ऐंशी-पंचाऐंशी रुग्णांत ही एकाच ग्रंथीतली साधी गाठ असते. कर्करोग एक टक्क्याहूनही कमी जणांत निघतो, त्यामुळे 'गाठ' शब्दाने घाबरू नका.

'आमची हाडंच अशी' हे आईंचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. हा घोटाळा डॉक्टरांनीही केलेला आहे. १९२५ साली व्हिएन्नात फेलिक्स मांडल या सर्जनकडे एक ट्राम कंडक्टर आला होता, हाडं पार पोखरलेली. ग्रंथी मोठी झालीय ती बिचारी हाडांना वाचवायला धडपडतेय, असा तेव्हा समज होता. म्हणून मांडलने त्याला आधी ग्रंथीचा अर्क टोचला, मग दुसऱ्याची ग्रंथीही बसवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. शेवटी मान उघडून गाठ काढली, आणि त्या माणसाची हाडं सुधारली. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, ती वेगळी कथा. पण गाठ हाडं खाते, हाडांमुळे गाठ होत नाही, हे त्या ऑपरेशनने दाखवून दिलं.

तेव्हा ऑपरेशनला माझा होकार आहे, आणि तो नुसत्या मतावर नाही. कॅल्शियम लॅबच्या वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त वर असेल तर ऑपरेशन सुचवावं, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, आईंचं १.२ ने वर आहे. शिवाय उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं हे ठिसूळ हाडाचंच लक्षण. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा १५ वर्षं पाठपुरावा करून २००८ साली निष्कर्ष मांडले. ऑपरेशन झालेल्यांची वाढलेली हाडांची घनता १५ वर्षं टिकली. न झालेल्यांचे मणके बऱ्यापैकी राहिले, पण मनगट आणि खुबा काही वर्षांनी घसरत गेले. ऑपरेशनऐवजी हाडांच्या गोळ्या किंवा वर्षातून एकदाची सलाईन असा पर्याय कुणी सांगेल. त्याने घनता वाढते, पण ग्रंथी तशीच चालू राहते. आईंची तब्येत भूल सोसण्यासारखी असेल तर मी त्या वाटेने जाणार नाही.

आता तो डेक्साचा कागद पुन्हा काढा. त्यावर मणके आणि खुबा एवढ्याच दोन ओळी आहेत ना? तिसरी हवी होती, पुढच्या हाताची : 'वन-थर्ड रेडियस'. पीटीएच सतत चढलेलं राहिलं की हाडाची बाहेरची घट्ट भिंत आधी झिजते, आतल्या जाळीला त्यामानाने कमी धक्का लागतो. मणक्यात जाळी जास्त, पुढच्या हाताच्या त्या भागात जवळजवळ सगळी भिंतच. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होतात तेव्हा सहसा उलटं दिसतं, मणके आधी उतरतात. आईंचे मणके उणे १.६ आणि खुबा उणे २.३ हा क्रमच सांगतो की ही नुसती वयाची झीज नाही. आपल्याकडे बऱ्याच सेंटरमध्ये हाताचं स्कॅनिंग सांगितल्याशिवाय करत नाहीत. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या, आणि मोडला नव्हता तो हात स्कॅन करायला सांगा, कारण जुळून आलेलं हाड खोटा आकडा देतं. सोबत मणक्यांचा बाजूने एक्स-रे घ्या. मणक्यातला दबलेला फ्रॅक्चर दुखल्याशिवायही असू शकतो.

आता ताईंची लाळ.

व्हीडीआर हे व्हिटॅमिन डीच्या ग्राहकाचं, म्हणजे पेशीत व्हिटॅमिन डी जिथे जाऊन बसतं त्या प्रथिनाचं जनुक. त्यात काही ठिकाणी एखाद्या अक्षराचा फरक असतो, तुमच्या-माझ्यात, सगळ्यांत. त्यातल्या एका जागेला बीएसएम-वन म्हणतात आणि तिथले दोन प्रकार मोठ्या 'बी'ने आणि लहान 'बी'ने दाखवतात. १९९४ साली सिडनीच्या संशोधकांनी जाहीर केलं की हाडांच्या घनतेतल्या आनुवंशिक फरकाचा मोठा वाटा या एकट्या जनुकाचा आहे आणि दोन्ही मोठे 'बी' असलेल्यांची हाडं विरळ असतात. केवढी खळबळ उडाली! तीन वर्षांनी त्याच संशोधकांना दुरुस्ती छापावी लागली. काही नमुन्यांच्या जनुकवाचनात गडबड होती, आणि ती काढल्यावर परिणाम बराच खाली आला.

मधल्या काळात, १९९५ साली, स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटाने पॅराथायरॉइडच्या गाठी असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांत हेच जनुक तपासलं. याच उप्सालामध्ये १८८० साली ईवार सँडस्ट्रोम या तरुण विद्यार्थ्याने माणसातल्या या ग्रंथींचं पहिलं नीट वर्णन केलं होतं. तर १९९५ च्या त्या अभ्यासात जास्त सापडले ते दोन्ही लहान 'बी'. बघा गंमत. मोठे 'बी' आले तर सिडनीवाले घाबरवणार, लहान आले तर उप्सालावाले. ताईंना कुठलंही अक्षर आलं असतं तरी पावडर विकायला एक शोधनिबंध तयारच होता.

पुढे वेगवेगळ्या देशांत अभ्यास झाले आणि निकाल एकमेकांशी जुळेनात. २००६ साली युरोपातल्या २६,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा बीएसएम-वन आणि त्याच्या नेहमीच्या भावंडांचा ना घनतेशी संबंध दिसला, ना फ्रॅक्चरशी. याचा अर्थ हाडं आनुवंशिक नसतात असा मात्र नाही. घनतेतल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग वारशाने येतो, आई त्या बाबतीत बरोबर आहेत. फक्त तो वारसा एका जनुकात नाही. ब्रिटनमधल्या सव्वाचार लाखांवर लोकांच्या टाचेच्या हाडाच्या मापनातून ५१८ जनुकीय जागा निघाल्या, आणि त्या सगळ्या मिळूनही फरकाचा साधारण पाचवा हिस्साच उलगडतो. तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. तिथले अंदाज नाशिकच्या माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मग एका अक्षरावरून पावडर कशी ठरवणार?

जनुकीय तपासणी मागवण्याआधी मी रुग्णांना विचारते : उत्तर 'हो' आलं तर काय वेगळं कराल, आणि 'नाही' आलं तर काय? व्हीडीआरच्या बाबतीत दोन्हीकडे उत्तर एकच, काहीही वेगळं नाही. ऑपरेशन तेवढंच लागणार, व्हिटॅमिन डी तेवढंच द्यावं लागणार. तेव्हा आईंची आणि तुमची ती तपासणी करू नका. ताईंना वाईट वाटेल, पण पैसे वाचतील.

मामांच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला तर उत्तर बदलतं. पॅराथायरॉइडच्या दर दहा-वीस रुग्णांत एखाद्याला हा आजार घराण्यातून आलेला असतो. तिथे सगळ्यांत आढळणारा किरकोळ अक्षरबदल नसतो, एखादं महत्त्वाचं जनुकच बिघडलेलं असतं. यातलं सगळ्यात नेहमी सापडणारं जनुक मेन-वन, अकराव्या गुणसूत्रावरचं, १९९७ साली सापडलेलं. ते बिघडलं की पॅराथायरॉइड, स्वादुपिंडाच्या आसपासच्या ग्रंथीपेशी आणि मेंदूच्या तळाची पिट्युटरी या तिन्हींत गाठी होऊ शकतात. पॅराथायरॉइडची गाठ जवळजवळ सगळ्यांना, बहुतेकांना पन्नाशीच्या आत. स्वादुपिंडाजवळची एक जात गॅस्ट्रिन सोडते, त्याने पोटात आम्लाचा पूर येतो आणि अल्सर बरे होता होत नाहीत. तिशीच्या आत दोनदा मुतखडे आणि कायमचा अल्सर, एकाच माणसाला, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला पॅराथायरॉइडचा विकार : आता कळलं ना मी त्या वाक्यावर का थबकले?

लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. मुतखडे आणि ॲसिडिटी आपल्याकडे घरोघरी. अल्सर बहुतेक वेळा पोटातल्या जंतूने किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतो. आईंना साठीत कळलं हेही जरा विरोधात जातं, पण त्यांचं कॅल्शियम चाळिशीत कुणी तपासलं होतं का? तेव्हा सुरुवात स्वस्तातल्या तपासणीने करा. मामांना फोन करा, कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, कॅल्शियमचा आकडा नीट वाचायला लागतं) आणि पीटीएच तपासून घ्यायला सांगा. तुमचंही कॅल्शियम आणि अल्ब्युमिन करा, ताईंचंही. मामांचं कॅल्शियम चढलेलं निघालं तर आईंच्या ऑपरेशनच्या आधी जनुकीय तपासणी व्हायला हवी, कारण इथे उत्तराने सर्जनचा बेत बदलतो. साध्या गाठीत एक ग्रंथी काढतात, छोट्या चिरेत काम होतं. मेन-वनमध्ये चारही ग्रंथी बिघडलेल्या किंवा बिघडण्याच्या वाटेवर असतात. एकच काढली तर काही वर्षांनी पुन्हा टेबलावर. तिथे साडेतीन काढतात.

ही तपासणी लाळेच्या डबीतून घरबसल्या करायची नव्हे. एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे संप्रेरकांचे डॉक्टर, सांगतील, रक्ताचा नमुना जाईल, आणि आधी तपासायचं ते आजारी माणसाला, म्हणजे आईंना किंवा मामांना. त्यांच्यात नेमका बदल सापडला तरच तुमच्यात तो शोधण्याला अर्थ. आईंमध्ये सापडला तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्यात निघाला तर लेकीतही निम्मी. तेव्हा मात्र तिचीही लहानपणीच तपासणी करतात, कारण लवकर लक्ष ठेवता येतं. या आजारात हाडं लवकर विरळ होतात ती आजारच लवकर सुरू होतो म्हणून. तुमच्यात नसेल तर लेकीचा विषय तिथेच संपतो. रिपोर्टमध्ये 'अनिश्चित अर्थाचा बदल' असंही कधी लिहून येतं. त्यावर स्वतः इंटरनेट चाळत बसू नका, समुपदेशकाकडे जा.

मामांशी बोलताना आणखी चार गोष्टी विचारून घ्या, आईच्या माहेरच्या सगळ्यांबद्दल. कुणाच्या मानेचं ऑपरेशन झालं होतं का, कुणाच्या जबड्यातली गाठ काढली का, कुणाची साखर सारखी उतरून चक्कर यायची का, कुणाला डोक्यातली पिट्युटरीची गाठ किंवा थायरॉइडचा कर्करोग. जबड्याचं विचारायचं कारण असं की सीडीसी-७३ नावाचं आणखी एक जनुक आहे. त्यात जबड्यात गाठी होतात आणि पॅराथायरॉइडच्या कर्करोगाची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते. आजीच्या पिढीपर्यंत जा. एका कागदावर वंशावळ काढून सर्जनसमोर ठेवलीत तर तो कागद ताईंच्या चकचकीत रिपोर्टहून शंभरपट उपयोगी.

ऑपरेशनआधी आणखी एक गोष्ट झालीच पाहिजे, चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन. काही घराण्यांत कॅल्शियम ओळखणारा ग्राहकच जन्मतः जरा मंद असतो. जनुकाचं नाव सीएएसआर. त्या लोकांचं रक्तातलं कॅल्शियम आयुष्यभर थोडं वर असतं, पीटीएच नॉर्मल किंवा किंचित जास्त, पण हाडांची घनता सहसा व्यवस्थित आणि ऑपरेशनचा उपयोग काहीच नाही. ओळखायची खूण लघवीत सापडते, तिथे कॅल्शियम फारच कमी जातं. आईंचे आकडे आणि मोडलेलं मनगट बघता त्यांचं असं असेल असं मला वाटत नाही. पण विनाकारण मान कापलेली माणसं जगात आहेत, म्हणून ही खात्री करतातच. लॅब मोठा कॅन देईल. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवीसुद्धा कॅनमध्ये. दुपारी बाहेर गेल्यावर एकदा चुकली तरी हिशेब बिघडतो, म्हणून घरी असायच्या दिवशीच करा. व्हिटॅमिन डी कमी असलं की लघवीतलं कॅल्शियमही कमी दिसतं, तेव्हा ती कमतरता आधी भरून घेतलेली बरी.

आईंना रक्तदाबाची गोळी आहे का? पाकिटावर नावापुढे इंग्रजी 'एच' असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतं आणि रक्तातलं चढवतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या.

काकूंचा सल्ला मात्र नाही ऐकायचा. खाण्यातलं कॅल्शियम तोडलं की ग्रंथी आणखी चेकाळते आणि कसर हाडांतून भरून काढते. आईंचं रोजचं दूध, दही, नाचणी चालू द्या. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने नकोत, ताईंची पावडरही नको. व्हिटॅमिन डी १४ वर ठेवून ऑपरेशनला जाणं बरोबर नाही, पण साठ हजारांच्या पुड्या मेडिकलमधून आणून दर आठवड्याला देत सुटू नका. कॅल्शियम चढलेलं असताना डोस आणि मधल्या तपासण्या डॉक्टरांनी ठरवायच्या. पाणी भरपूर. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले तर घरी वाट न बघता दवाखान्यात न्या, शरीर कोरडं पडलं की कॅल्शियम झपाट्याने वर जातं.

ऑपरेशन सहसा लहान असतं. आधी सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन करून गाठ कुठे आहे ते बघतात. पीटीएच रक्तात मिनिटांतच विरतं, म्हणून सोय असेल तिथे गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी ते मोजतात. निम्म्याहून खाली आलं की सर्जन मान शिवायला घेतात. खर्चाची अडचण असेल तर मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत एंडोक्रिनॉलॉजीचा विभाग आणि या ऑपरेशनचा हात बसलेले सर्जन सापडतात. मुंबईच्या केईएममध्ये असा विभाग आहे. मात्र कुठेही गेलात तरी वर्षाला अशी किती ऑपरेशन करता हे सर्जनना विचारा. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

घरी आल्यावरचे पहिले काही दिवस लक्ष ठेवा. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं ऑपरेशननंतर रक्तातलं कॅल्शियम अधाशासारखं ओढून घेतात, आणि व्हिटॅमिन डी कमी असलेल्यांत ते जास्त. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हातापायात वांब आला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन करायचा. डिस्चार्जच्या वेळी कॅल्शियमच्या गोळ्या किती आणि किती दिवस, आणि रक्त परत कधी तपासायचं, हे लिहून घेतल्याशिवाय निघू नका. डेक्सा पुन्हा वर्षभराने, त्याच मशीनवर, आणि या वेळी हातासकट.